नवा संगणक आणि त्याचें शुद्धिपत्र



पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें जातांना भिगवण मागें पडलें कीं थोड्याच वेळांत डाळज लागतें. एक, दोन आणि तीन अशा क्रमांकांनीं ओळखलीं जाणारीं डाळज नांवाचीं गांवें इंदापूर तालुक्यांत आहेत. रस्त्याच्या डाव्या अंगास उजनी धरणाचें पाणी पसरलेलें असतें, आणि हिवाळ्यांत शहरांतील माणसें या बाजूस येतात तीं बहुधा रोहित पक्षी पाहावयास. मी तेथें जातों तो बहिणीच्या घरीं. आणि गेल्या खेपेस पक्षी पाहावयाचे राहून गेले ते एका संगणकामुळें.

माझ्या भाच्यानें टेबलावर ठेवण्याचा मोठा संगणक नवीन घेतला होता. बहिणीनें त्यास हळदकुंकूही लावलें होतें. उसाचीं बिलें, बँकेचे व्यवहार, पीकविम्याचे अर्ज, धाकटीचा अभ्यास, हें सारें आतां त्या यंत्रावर व्हावयाचें होतें. "मामा, दुकानवाल्यानं सगळं टाकून दिलंय, आता काही करायचं राहिलं नाही," असें भाचा मोठ्या समाधानानें म्हणाला, आणि क्षणभर थांबून, "अपडेट सारखे त्रास देतात म्हणाला, म्हणून ते पण बंद करून दिलेत." हें दुसरें वाक्य ऐकलें मात्र, मी खुर्ची ओढून त्या यंत्रापुढें बसलों. नवा संगणक घरीं आल्यावर पहिल्या दिवशीं काय करावें, याविषयीं आज मी जें सांगणार आहें, तें त्या दोन दिवसांत डाळजला करावें लागलें तेंच आहे. पुण्यामुंबईच्या घरांतही याहून वेगळें कांहीं घडत नाहीं. दुकानदार तेच असतात आणि त्यांवरील आपला विश्वासही तोच.

संगणक म्हणजे केवळ पेटी, पडदा आणि कळफलक नव्हे. पेटींतील यंत्रानें काय करावें हें सांगणाऱ्या ज्या आज्ञांच्या माळा असतात, त्यांस सॉफ्टवेअर अथवा आज्ञावली म्हणतात. आणि इतर सर्व आज्ञावलींस कामास लावणारी, त्यांवर देखरेख करणारी जी मुख्य आज्ञावली, ती ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्याकडील घरगुती संगणकांत ती बहुधा मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. ही आज्ञावली कित्येक कोटी ओळींची आहे, आणि ती माणसांनीं लिहिलेली आहे. ग्रंथ कितीही काळजीनें छापला तरी मुद्रितें तपासणाराच्या नजरेंतून कांहीं चुका निसटतातच, आणि प्रकाशकास अखेरीस शुद्धिपत्र जोडावें लागतें. अपडेट म्हणजे आज्ञावलीचें शुद्धिपत्र होय. ग्रंथाचें शुद्धिपत्र एकदां निघतें. हें मात्र दर महिन्यास निघतें. मायक्रोसॉफ्टनें २००३ पासून महिन्याचा दुसरा मंगळवार त्यासाठीं नेमून ठेवला आहे. तेथील मंगळवारची सकाळ म्हणजे आपल्याकडील मंगळवारची रात्र.

परंतु या दोन शुद्धिपत्रांत याहून मोठा एक भेद आहे, आणि माझ्या सांगण्याचें सारें मर्म त्यांतच आहे. ग्रंथाचें शुद्धिपत्र चोर वाचीत नाहींत, हें वाचतात. दुरुस्ती प्रसिद्ध झाली, कीं जाणता दरवडेखोर जुनी आज्ञावली आणि दुरुस्त झालेली आज्ञावली शेजारीं शेजारीं ठेवून ताडून पाहतो. भिंतींतील भोंक कोठें बुजविलें हें त्यास त्यावरून कळतें. अर्थात् ज्यांनीं तें बुजविलें नाहीं, त्यांच्या घरीं तें कोठें सांपडेल हेंही कळतें. म्हणजे दुरुस्ती निघण्यापूर्वीं जो धोका थोड्यांस ठाऊक होता, तो ती निघाल्यावर सर्वांस ठाऊक होतो. "इतके दिवस कांहीं झालें नाहीं, मग आतांच काय होणार?" या प्रश्नाचें हें उत्तर आहे. इतके दिवस पत्ता ठाऊक नव्हता.

याचें उदाहरण फार जुनें नाहीं. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका भयंकर उणिवेची दुरुस्ती प्रसिद्ध केली. ती घेण्यास पैसा पडत नव्हता. केवळ यंत्र बंद करून पुन्हां चालू करावें लागत होतें. त्यानंतर ५९ दिवसांनीं, १२ मे रोजीं, 'वॉनाक्राय' नांवाची दुष्ट आज्ञावली जगभर पसरली. एका यंत्रांतून दुसऱ्यांत ती आपोआप शिरे, तेथील सर्व फायली कुलुपांत घाली, आणि किल्लीबद्दल ३०० डॉलर खंडणी मागे. सुमारें १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक तिच्या तावडींत सांपडले. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या. ज्यांनीं मार्चमधील ती दुरुस्ती घेतली होती, त्यांच्या यंत्रांत या भोंकांतून तिला शिरतां आलें नाहीं.

आतां नव्या संगणकाकडे वळूं. खोक्यांतून काढलेला संगणक आपल्याला कोरा करकरीत दिसतो. पण त्यांतील आज्ञावली ज्या दिवशीं भरली त्या दिवसाची असते. मग तें खोकें गोदामांत, वाहनांत आणि दुकानाच्या फळीवर कित्येक महिने काढतें. तेवढ्या महिन्यांचीं शुद्धिपत्रें त्यास जोडावयाचीं राहिलेलीं असतात, आणि तीं सर्व इतरांनीं वाचलेलीं असतात. म्हणून नवा संगणक हा त्या पहिल्या संध्याकाळीं घरांतील सर्वांत असुरक्षित संगणक असूं शकतो. बँकेचा सांकेतिक शब्द त्यांत घालण्याचा मोह तोंवर आवरावा.

डाळजच्या यंत्राची कथा याहून वाईट होती. त्यांतील विंडोज परवान्याची नव्हती. पैसे न भरतां ती चालू व्हावी म्हणून दुकानदारानें कोठून तरी मिळविलेली एक आज्ञावली आंत घातली होती, आणि तिनें काम करावें म्हणून विषाणूंपासून रक्षण करणारी व्यवस्थाही मोडून ठेवली होती. घराचें कुलूप चोराकडून उघडून घेतलें आणि किल्ली त्याच्याचकडे राहूं दिली, अशांतला हा प्रकार. दुकानदाराच्या मनांत कपट होतें असें मी म्हणत नाहीं. गिऱ्हाइकाचे कांहीं हजार रुपये वांचविले, या भावनेनेंच त्यानें तें केलें असावें. आणि बिलावर विंडोजचें नांव नाहीं, हें भाच्यानेंही पाहिलें नव्हतें. संगणक घेतांना बिलावर परवान्याची स्वतंत्र नोंद मागावी; ती मिळत नसेल तर काय मिळत आहे तें समजून चुकावें.

अशा यंत्राची डागडुजी करीत बसूं नये. तें पुसून टाकावें. भाच्यानें परवाना विकत घेतला. आठ जीबीच्या एका कोऱ्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ उतरवून घेतली, आणि जुनें सर्व काढून ती नव्यानें बसविली. ज्यांस परवान्याचा खर्च नको असेल, त्यांस चोरीची विंडोज हाच एक मार्ग आहे असें नाहीं. लिनक्स फुकट मिळते, उघडपणें मिळते, आणि तिलाही नियमानें दुरुस्त्या येतात. आपल्या सी-डॅक संस्थेनेंही 'बॉस' नांवाची आज्ञावली त्याच पायावर उभारली आहे.

विंडोज बसल्यावर प्रथम सेटिंग्जमध्यें जाऊन विंडोज अपडेट उघडावें आणि दुरुस्त्या मागवाव्या. येथें बहुतेकांची फसगत होते ती अशी, कीं एकदां यंत्र बंद होऊन चालू झालें म्हणजे काम आटोपलें असें त्यांस वाटतें. कांहीं दुरुस्त्या आधींच्या दुरुस्त्यांवर बसतात. म्हणून पुन्हां मागवावें, पुन्हां यंत्र चालू करावें, आणि कांहीं उरलें नाहीं असें यंत्रानें सांगेपर्यंत हें करीत राहावें. आम्हांस चार फेऱ्या कराव्या लागल्या. मग त्याच ठिकाणीं ऐच्छिक म्हणून वेगळ्या ठेवलेल्या दुरुस्त्यांत छपाईयंत्र, आवाज, पडदा यांचे ड्रायव्हर आहेत का तें पाहावें. ब्राउझर आणि इतर उपयोगाच्या आज्ञावली त्यानंतर, आणि त्याही ज्या त्या कंपनीच्या मूळ ठिकाणाहून. शोधयंत्रांत वर दिसणारी पहिली ओळ पुष्कळदां जाहिरात असते.

वीज आणि इंटरनेट यांचा विचार शहरांत कोणी करीत नाहीं. डाळजला तो करावाच लागला. घरांत भाच्याच्या मोबाइलचेंच इंटरनेट, त्याचा रोजचा वांटा ठरलेला, आणि दुरुस्त्यांचा पसारा कित्येक जीबींचा. पहिल्या दिवशीं दुपारींच तो वांटा संपला. म्हणून काम दोन दिवस चाललें. विजेचें म्हणाल, तर दुरुस्ती चालू असतां वीज गेल्यास विंडोज बहुधा स्वतःला सांवरून मागील स्थितीवर येते. परंतु यंत्राच्या मूळ पाटीवरील बायोसची दुरुस्ती अर्धवट राहिली तर यंत्र पुन्हां उघडेलच याची शाश्वती नसते. यूपीएस जोडल्यावांचून ती दुरुस्ती हातीं घेऊं नये.

आणखी एक गोष्ट मी बहिणीच्या हिशेबाच्या वहींत लिहून ठेविली. मायक्रोसॉफ्टचें खातें जोडून विंडोज ११ बसविली असतां पुष्कळ यंत्रांत ती डिस्कवरील मजकूर आपण होऊन सांकेतिक करून ठेवते. चोरानें पेटी उचलून नेली तरी त्यास आंतील कांहीं वाचतां येत नाहीं, हा त्याचा लाभ. मात्र कांहीं बिघाडानंतर यंत्र ४८ अंकांची किल्ली मागतें, आणि ती त्या खात्यांत ठेवलेली असते. खात्याचें नांव व सांकेतिक शब्द विसरलेल्या माणसाला आपलाच मजकूर परका होतो. ती किल्ली कागदावर उतरवून कपाटांत ठेवावी. शिवाय रोजच्या कामासाठीं साधें खातें वेगळें करावें. यंत्रांत फेरफार करण्याचा अधिकार असलेलें खातें रोज वापरूं नये.

येथें कोणी आक्षेप घेईल, कीं अपडेटनेंच यंत्रें बंद पडल्याचें आम्हीं वाचलें आहे. तें खरें आहे. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या संरक्षण करणाऱ्याच कंपनीनें पाठविलेली एक सदोष दुरुस्ती सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रांस भोंवली. आपल्या देशांतही विमानाच्या उतारूंस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. ती दुरुस्ती मोठ्या संस्थांच्या यंत्रांवरील होती, घरगुती नव्हती. तरी आक्षेपांतील भय वाजवी आहे. माझें मत असें, कीं सुरक्षेच्या मासिक दुरुस्त्या आठवड्याच्या आंत घ्याव्या. वर्षांतून एकदां येणारी मोठी आवृत्ति, जिच्यांत नवे सोहाळे असतात, ती महिनाभर थांबून घेतली तरी चालते. आणि दोन्हींपूर्वीं आपल्या फायलींची प्रत निराळ्या डिस्कवर काढलेली असावी. दुरुस्त्या मुळांतूनच बंद करणें हा मात्र या भयावरचा उपाय नव्हे.

जुन्या यंत्रांसंबंधीं दोन शब्द. विंडोज १० च्या नित्याच्या फुकट दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या. पुष्कळ जुन्या यंत्रांत विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चकती व प्रोसेसर नसतो, म्हणून त्यांवर ती रीतसर बसत नाहीं. अशा यंत्रावर लिनक्स बसवावी, नाहीं तर बँकेचें काम तरी त्यावर करूं नये.

आतां राहिली मराठी, आणि डाळजला सर्वांत अधिक वेळ तिनेंच घेतला. नव्या विंडोजमध्यें भाषांच्या यादींत मराठी जोडली कीं दोन कळफलक मिळतात. उच्चारानुसार रोमन अक्षरांवरून लिहिण्याचा एक, आणि इन्स्क्रिप्ट हा दुसरा. इन्स्क्रिप्टची रचना १९८६ सालची. तींत स्वर डाव्या हातास आणि व्यंजनें उजव्या हातास आहेत, आणि तीच मांडणी बहुतेक भारतीय लिप्यांस चालते. मी धाकटीला हाच शिकावयास सांगितलें. पहिले आठ दिवस तो जड जातो, पुढें हात आपोआप चालतो.

माझे मेव्हणे २०१३ पासून शेतीचा हिशेब आणि पाण्याच्या पाळ्यांच्या नोंदी जुन्या संगणकावर ठेवीत आले आहेत. त्या यंत्रांतील विंडोज ७ च्या दुरुस्त्या २०२० च्या जानेवारींतच थांबल्या होत्या. त्या फायली नव्या यंत्रावर उघडल्या तों सर्वत्र रोमन अक्षरांची निरर्थक गर्दी! मेव्हणे कांहीं बोलले नाहींत. चष्मा काढून पुसत राहिले. कारण साधें होतें. युनिकोड रूढ होण्यापूर्वींचे बहुतेक मराठी टंक रोमन अक्षराच्या जागीं देवनागरी अक्षराचें केवळ चित्र बसवीत. यंत्राच्या स्मरणांत रोमनच असे. तो टंक नसला कीं मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्यें मात्र क हा कच असतो, टंक कोणताही असो. मजकूर नाहींसा झालेला नव्हता. जुन्या यंत्रांतील टंक नव्यांत आणून बसवितांच ओळी वाचूं लागल्या. मग परिवर्तक आज्ञावलीनें एकेक फाइल युनिकोडमध्यें उतरविली. परिवर्तकाची सर्वांत मोठी चूक जोडाक्षरांत आणि 'दुसऱ्या', 'गोऱ्हा' अशा शब्दांतील अर्ध्या र मध्यें होते, म्हणून मेव्हण्यांनीं मूळ छापील कागद हातीं घेऊन प्रत्येक पान ताडून पाहिलें. आंकडे मीं वाचले, नांवें त्यांनीं. दुसऱ्या दिवशीं रात्रीं अकरापर्यंत २०१९ पर्यंतचीं वर्षें झालीं. उरलेलीं जुन्या टंकांतच आहेत आणि जुना संगणक इंटरनेटपासून तोडून कोपऱ्यांत ठेवला आहे. तीं पुढच्या खेपेस करावयाचीं आहेत.