सर्व्हरचं बिऱ्हाड

जर्मनीत भाड्याचं घर बदललेल्या बहुतेक मराठी कुटुंबांनी एक धक्का खाल्लेला असतो. नव्या घरात स्वयंपाकघराच्या जागी नुसत्या चार भिंती आणि त्यातून डोकावणारे नळाचे दोन पाइप! आधीचा भाडेकरू ओटा, कपाटं, सिंक, कधी कधी छताचा दिवासुद्धा सोडवून घेऊन गेलेला असतो. पुढच्या वेळी आपणही तेच करतो. किचन सुटं करून ट्रकमध्ये घालतो, आणि नव्या जागी गेल्यावर कळतं की ओटा वीत-दीड वीत लांब पडतोय आणि नळ नेमका फ्रिजच्या मागे येतोय. दोष ओट्यात नाही आणि भिंतीतही नाही, दोघांची एकमेकांशी ओळख नाही इतकंच.

चालता सर्व्हर जुन्या यंत्रावरून उचलून नव्यावर ठेवला की नेमकं हेच होतं. २०२३ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघांनी मंडळाच्या सर्व्हरचं बिऱ्हाड हलवलं, त्याची ही हकीकत. कॉम्प्युटरचं नाव काढताच पान उलटणाऱ्या मंडळींना विनंती, की जरा थांबा. यात तुमचेही लेख अडकले होते.

हे जुनं यंत्र २०११ सालचं, एका सभासदाच्या केलरमध्ये बटाट्याच्या पोत्याशेजारी बसवलेलं. त्यावर सभासदांची यादी, अंकांचा साठा, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे आठवणींचं सदर. साठ-सत्तरच्या दशकांत इथे आलेल्या इंजिनियर, डॉक्टर, नर्स मंडळींनी सांगितलेलं कुणी कुणी बसून टाइप केलं होतं. त्यातले काही जण आता नाहीत. हाताने लिहिलेले कागद घरं रिकामी करताना गेले. आणि गेल्या हिवाळ्यात त्या डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला. ज्यांनी तो आवाज एकदा ऐकलाय त्यांना तो पुन्हा ऐकायचा नसतो.

पहिल्याच दिवशी ठरवलं, की सगळ्याची जशीच्या तशी नक्कल करून घ्यायची आणि जुनं यंत्र बंद करून ठेवायचं. नवं पूर्ण उभं राहीपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. दुसरा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची. तीन इंजिनियर एका कीबोर्डभोवती जमले की वही लागतेच, नाहीतर कोणी काय केलं यावरून चहा गार होतो.

दुरुस्ती खालून वर करत जायची असते. आधी यंत्र उठतंय का, मग त्याला डिस्क दिसतेय का, मग नेटवर्क, आणि शेवटी आतला मजकूर.

यंत्र उठेचना. जुनी यंत्रं डिस्कच्या पहिल्याच तुकड्यात लिहिलेला छोटा प्रोग्रॅम वाचून जागी होत. नवी यंत्रं त्यासाठी वेगळा कप्पा मागतात. यूएसबीच्या काडीवरून दुसरं लिनक्स चालू करून तो कप्पा तयार केला. मग यंत्र जागं झालं आणि ‘मूळ डिस्क सापडत नाही’ म्हणून थांबलं. यात कारणं दोन निघाली. एक म्हणजे, मूळ इन्स्टॉल करताना ‘फक्त या यंत्रापुरते’ ड्रायव्हर घेण्याचा पर्याय निवडलेला होता, त्यामुळे नव्या जातीच्या डिस्कची भाषा त्याला येत नव्हती. दुसरं, प्रत्येक डिस्कच्या कप्प्याला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो आणि यादीत अजून जुन्याचाच होता. गाव बदललं पण आनमेल्डुंग केलं नाही, तसला प्रकार. माणसाला त्यासाठी दोन आठवडे मिळतात. यंत्र दोन सेकंदही देत नाही.

नेटवर्कची गंमत वेगळीच. जुन्या प्रणालीला नवं कार्ड ओळखताच येईना, म्हणून उसना यूएसबी अडॅप्टर लावून आधी प्रणाली नव्या आवृत्तीवर आणली. तरी शांतता! जुन्या कार्डाचा क्रमांक कुठल्याशा फाइलमध्ये नोंदलेला होता आणि ‘पहिलं कार्ड’ हे नाव त्याच्यासाठी राखीव होतं. बिचारं जुनं कार्ड केलरमध्ये निवांत, आणि नवं मात्र ‘दुसरं’ म्हणून दारात उभं. एक ओळ खोडली आणि दिवा लागला. रात्रीचे दीड वाजले होते. वहिनींनी ठेवलेला साबुदाण्याचा वडा तोपर्यंत जोड्याच्या तळव्यासारखा झाला होता, पण खाल्ला.

खरी परीक्षा सकाळी झाली. साइट उघडली, चित्रं दिसली, जर्मन पानंही व्यवस्थित. पण मराठी लेखांच्या जागी निव्वळ खडे पसरलेले! डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ‘ए’, मग चार काड्या फुटलेलं एक वर्तुळ, मग गोलातला ‘आर’. हेच तीन, वेगवेगळ्या शेपट्या लावून, पानभर.

इथे जर्मनीत राहिलेल्यांना हा प्रकार परका नाही. पार्सलच्या चिठ्ठीवर ‘म्युलर’ नावातल्या दोन टिंबांच्या ‘यू’च्या जागी नागमोडी टोपीचा ‘ए’ आणि पुढे पाव अपूर्णांकाचं चिन्ह छापलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. कारण तेच. १९९१ साली युनिकोड निघालं, त्यात देवनागरीची मांडणी आपल्याकडच्या १९८८ च्या ‘इस्की’ या मानकावरून घेतली गेली. त्या पद्धतीच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. हे तीन आकडे एकत्र वाचले तर ‘म’ दिसतो. पश्चिम युरोपच्या जुन्या तक्त्याने सुटे सुटे वाचले तर तीन खडे दिसतात.

मग इतकी वर्षं बरोबर कसं दिसत होतं? जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसला काही न सांगितल्यास तो हाच पश्चिम युरोपी तक्ता धरायचा, आणि अक्षरांचा क्रम स्वीडिश! कंपनी मूळची स्वीडिश, त्यामुळे २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत ही रीत चालू होती. आमच्या मराठी आठवणी इतकी वर्षं स्वीडिश पत्त्यावर राहत होत्या म्हणायच्या. लिहिताना चुकीचा तक्ता आणि वाचतानाही तोच, त्यामुळे दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत आणि पडद्यावर शुद्ध मराठी उमटे. नव्या प्रणालीने वाचायची बाजू सुधारली, आणि लपलेली चूक उघडी पडली.

असा प्रकार फार मोठ्या ठिकाणीही घडलाय. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे नवं रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत फुटलं. दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून उचललेलं होतं आणि तिथे ते बिनतक्रार चाललं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीलाच कितीतरी जास्त. तो आकडा ३२,७६७ च्या पलीकडे न मावणाऱ्या जागेत कोंबताना संगणक थांबला. जोडीला ठेवलेल्या दुसऱ्या संगणकातही तेच सॉफ्टवेअर, म्हणून तोही थांबला. आणि तो हिशोब उड्डाणानंतर लागतच नव्हता, केवळ जुन्या सवयीने चालू होता! त्यात क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह गेले. बोडनझेकाठच्या फ्रीडरिक्सहाफेनच्या डॉर्नियर कंपनीच्या नेतृत्वाखाली ते बांधले होते आणि डार्मश्टाटहून चालवायचे होते. ते पुन्हा बांधून २००० साली सोडले, आणि ते २०२४ पर्यंत काम करत राहिले.

आमच्या बाबतीत धोका वेगळा होता. खडे दिसतात तोवर मजकूर जिवंत असतो, कारण बाइट शाबूत असतात. पण नव्या प्रणालीतून कुणी तो लेख दुरुस्त करून जुन्या रकान्यात साठवला, तर जी चिन्हं त्या तक्त्यात नाहीत त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं पडतात, आणि प्रश्नचिन्हातून ‘म’ परत काढता येत नाही. हे लक्षात येतंय तोच एका काकूंचा फोन. “अरे, ह्यांच्या लेखाचं काय झालंय रे? मी तेवढं पहिलं पान पुन्हा टाइप करून टाकते, मला पाठ आहे.” काका जाऊन चार वर्षं झाली होती. “काकू, हात लावू नका, संगणक बंद करा आधी,” असं आम्ही तिघेही एकदम ओरडलो. मग शांतपणे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं, पण संध्याकाळपर्यंत सांगा हं.” लेखन तत्काळ बंद केलं.

उपाय तसा छोटा. माहिती जुन्याच चुकीच्या तक्त्याने बाहेर काढायची, म्हणजे बाइट जसेच्या तसे येतात. मग त्या फाइलमध्ये तक्त्याचं नाव तेवढं बदलायचं आणि नव्या कोठारात भरायची. नेहमीच्या रीतीने बाहेर काढली असती तर तीन बाइटांचे सहा झाले असते. आधी एकाच लेखावर करून पाहिलं. काकांचाच निवडला. दुपारी चारला पहिली ओळ नीट दिसली, आणि काकूंना फोन लावला.

हलवण्याचं काम हलवल्यावर संपत नाही, हे २०२३ मध्ये पोस्टबँकेच्या ग्राहकांनीही अनुभवलं. सुमारे १ कोटी २० लाख ग्राहकांची खाती टप्प्याटप्प्याने डॉइच बँकेच्या प्रणालीवर नेली. शेवटचा टप्पा जुलैत झाला. नंतर तक्रारींचा ढीग साचला, बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या बाफिनने सप्टेंबरमध्ये जाहीर कानउघाडणी केली आणि पुढे खास देखरेख करणारा माणूसही नेमला. आमचा ढीग लहान, पण आहे. मथळ्यांचा रकाना जुन्या काळी ६० बाइटांचा ठेवलेला होता. म्हणजे मराठी चिन्हं जेमतेम वीस, आणि आपण मराठी माणसं मथळे काही वीस चिन्हांत आवरत नाही. लांब मथळे पूर्वीच तुटलेले आहेत, काही तर अक्षराच्या मध्येच, आणि अशा अर्ध्या अक्षरापाशी भरती दर वेळी अडून बसायची. ती अर्धी अक्षरं छाटावी लागली. उरलेला मथळा आता कुठल्याच यंत्रात नाही.

तो मिळेल तर छापील अंकांतूनच. २००४ ते २०१० मधले अंक ज्यांनी जपून ठेवले असतील त्यांनी अनुक्रमणिकेच्या पानाचा फोटो संपादकांकडे पाठवावा. अंक पोस्टाने पाठवू नयेत. जुनं यंत्र अजून केलरमध्येच आहे, वायर काढून, बटाट्यांशेजारी.