भिंतीवरचं म्हैसुरी जडावकाम: किंमत ठरवण्याआधी

घरात शिसवी फळीवर हत्ती, बैलगाडी किंवा खेड्याचा देखावा जडवलेली जुनी चौकट असेल, तर ती बहुधा म्हैसूरची. फळी कोरून त्यात फणस, हळदू अशा वेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे बसवतात आणि बारीक रेषा कोरून वर पॉलिश देतात. म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्याच्या दारांवर हेच काम हस्तिदंतात आहे.

आधी चौकट उलटी करा. पाठीमागची चिठ्ठी, एम्पोरियमचा शिक्का, जुनी पावती यांतून चौकट कुठून आली हे बरंच कळतं. पाठीला प्लायवूड असेल किंवा फुलीच्या खाचेचे स्क्रू असतील, तर ती फार जुनी नसावी. अर्थात पाठ नंतर बदललेलीही असू शकते. मग भिंग घ्या. पांढऱ्या तुकड्यात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसल्या तर तो हस्तिदंत असू शकतो, प्लास्टिक एकसारखं सपाट दिसतं. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका, वस्तू कायमची डागाळते.

हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर देशात बंदी आहे, त्यामुळे अशा तुकड्याला कायदेशीर बाजारभाव नाही. शंभर वर्षं ओलांडलेली कलावस्तू पुरावस्तू ठरते. ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.

मूळ पॉलिश मात्र खरवडू नका. जाणकार ग्राहक त्याचेच पैसे मोजतो.