आभाळ, मळभ आणि ‘सारखा’ पाऊस

मृग निघाला की धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागते. पुष्कळदा असे घडते की, एके दिवशी सकाळपासून आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून येते, सूर्य दिसत नाही, पश्चिमेचा वारा वाहतो आणि अधूनमधून भुरभुर चालू होते. “आभाळ सगळीकडे सारखे आहे, आता पाऊसही सारखाच लागणार,” असे पारावर बोलले जाते आणि तिफणी वावरात उतरतात. पुढे आठ-दहा दिवस उघडीप पडते, कोंब जमिनीतच सुकतात आणि महागाचे बियाणे दुसऱ्यांदा घ्यावे लागते. दुबार पेरणीची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक कारण मात्र आपल्या बोलण्यातील शब्दांत दडलेले असते. आभाळाचे सारखेपण वेगळे आणि पावसाचे सारखेपण वेगळे. हा भेद नीट ध्यानी यावा म्हणून या दोन्ही प्रकारच्या शब्दांचा अर्थ येथे दिला आहे.

आभाळ आणि मळभ

ढगाला आपल्या भाषेत नावांची वाण नाही. अमरकोशात मेघाची पंधरा नावे दिली आहेत. जलधर, वारिद, जलमुच् अशी त्यांतील कित्येक नावे पाणी धरणाऱ्या अथवा देणाऱ्या ढगाची आहेत. त्याच यादीतील ‘अभ्र’ या शब्दापासून मराठीतील ‘आभाळ’ हा शब्द आला. म्हणूनच ‘आभाळ’ म्हणजे आकाशही होते आणि ढगही होतो. “आभाळ निरभ्र आहे” असे आपण म्हणतो आणि “आभाळ आले” असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात ते आकाश आहे, दुसऱ्यात ढग.

‘मळभ’ या शब्दातही हेच अभ्र आहे. आकाशावर मळकट, करडे, एकरंगी आच्छादन पसरले, ऊन नाहीसे झाले, सावल्या पुसट झाल्या, की मळभ आले असे म्हणतात. आभाळ ‘झाकोळले’ म्हणजे उजेड कमी झाला आणि हवा ‘कुंद’ झाली म्हणजे वारा मंदावून उदासपणा आला. या तिन्ही शब्दांत उजेडाची व हवेची स्थिती सांगितलेली आहे. पावसाविषयी त्यांत एक अक्षरही नाही, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पावसासाठी आपले शब्द निराळे आहेत. भुरभुर, रिमझिम, झड, संततधार, वळीव असे ते आहेत. मळभ हा शब्द ऐकून झडीचा अंदाज बांधणे म्हणजे एका मापाने दुसरा माल मोजण्यासारखे आहे.

स्तरमेघ म्हणजे काय?

ढगांची शास्त्रीय वर्गवारी लंडन येथील ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ साली मांडली. त्यांनी ढगांना लॅटिन नावे दिली. त्यांपैकी स्ट्रॅटस या नावाला मराठी शास्त्रीय लेखनात ‘स्तरमेघ’ असा प्रतिशब्द रूढ झाला. हा प्रतिशब्द मोठा समर्पक आहे. संस्कृतातील ‘स्तृ’ म्हणजे पसरणे हा धातू आणि लॅटिनमधील स्ट्रॅटस हा शब्द एकाच मूळ कुळातील आहेत. विस्तार, प्रस्तर हे आपले शब्दही त्याच धातूचे.

तथापि व्यवहारात ‘स्तर’ म्हटले की आपणांस ‘थर’ आठवतो आणि थर म्हटले की एकावर एक रचलेल्या भाकरी डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे स्तरमेघ म्हणजे थरावर थर चढलेला, पाण्याने जड झालेला ढग, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. स्तरमेघ म्हणजे अंथरलेला ढग. तो चादरीप्रमाणे लांबरुंद पसरतो, पण त्याची जाडी बहुधा थोडी असते. त्याचा तळ जमिनीपासून दोन किलोमीटरच्या आत असतो. तोच जमिनीला टेकला की आपण त्याला धुके अथवा धुई म्हणतो.

पसरट ढगांच्या आणखी काही जाती ओळखून ठेवाव्यात. फार उंचावर बर्फाच्या कणांचा पातळ पडदा असतो, तो तंतुस्तरमेघ. चंद्राला किंवा सूर्याला खळे पडते ते त्याच्यामुळे. मधल्या उंचीवर मध्यस्तरमेघ असतो. त्यातून सूर्य घासलेल्या काचेमागे ठेवलेल्या दिव्यासारखा फिकट दिसतो. ढगांचे गोळे एकमेकांस चिकटून पसरले म्हणजे तो स्तरराशिमेघ होय. आणि जो खरोखर जाड, काळसर असून तासन् तास पाणी देतो, तो वर्षास्तरमेघ. झड लागते ती याच ढगातून.

एका आभाळाखाली वेगवेगळा पाऊस

ढगातील जलबिंदू अतिशय सूक्ष्म असतात. असे सुमारे दहा लाख जलबिंदू एकत्र यावेत तेव्हा पावसाचा एक थेंब तयार होतो. हे घडण्यास ढगाला जाडी हवी आणि खालून वर चढणारी दमट हवा हवी. स्तरमेघात हवा फार सावकाश, सेकंदाला काही सेंटिमीटर एवढ्याच वेगाने वर चढते. म्हणून त्यातून पडली तर भुरभुर पडते. याउलट दुपारी कापसाच्या ढिगासारखे वर चढणारे राशिमेघ आणि त्यांतून वाढणारे गर्जन्मेघ यांत हवा सेकंदाला कित्येक मीटर वेगाने वर जाते. अशा ढगाखालचे गाव तासाभरात न्हाऊन निघते आणि शेजारच्या शिवारात धूळ उडत राहते.

धाराशिव जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पश्चिमेकडून येणारे वारे घाटमाथ्यावर पुष्कळसे पाणी सोडून बालाघाटच्या डोंगररांगांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे जुलै महिन्यात येथे पुष्कळ दिवस आकाश झाकलेले असूनही मापकात पाणी थोडेच सापडते. बंगालच्या उपसागरावरील कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकत आले म्हणजे मात्र वर्षास्तरमेघ तयार होतात व झड लागते. जिल्ह्यातही पाऊस एकसारखा नाही. पश्चिमेकडील परंडा व भूम या भागांत तो पूर्वेकडील उमरगा भागाच्या मानाने सामान्यतः कमी असतो.

आकाश झाकलेले असताना विमानाने कृत्रिम पाऊस का पाडीत नाहीत, असा प्रश्न शेतकरी वारंवार विचारतात. त्याचे उत्तरही ढगाच्या जातीत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ साली शेजारच्या सोलापूर परिसरात मेघबीजनाचे प्रयोग केले. त्यांसाठी वर चढणारे राशिमेघ निवडले होते. पातळ मळभात बीज टाकून उपयोग नसतो.

‘सारखा’ शब्दाचे तीन अर्थ

आता सारखेपणाच्या शब्दांकडे वळू. ‘सारखा’ हा शब्द संस्कृत ‘सदृक्ष’ यापासून आला. मराठीत त्याचे तीन अर्थ होतात.

(१) “दोन्ही वावरांत सारखा पाऊस झाला.” येथे अर्थ समान मापाचा.

(२) “कालपासून सारखा पाऊस लागला आहे.” येथे अर्थ न थांबणारा.

(३) “पावसासारखे आभाळ आले आहे.” येथे अर्थ तसा भासणारा, पण तो नव्हे.

पारावरच्या बोलण्यात हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. तिसऱ्या अर्थाचे आभाळ पाहून दुसऱ्या अर्थाचा पाऊस येणार असे मानले जाते आणि तो पहिल्या अर्थाने सर्वांच्या शेतांत पडेल असे गृहीत धरले जाते. दुबार पेरणीचे बीज येथेच पेरले जाते.

याच कुळातील इतर शब्दही तपासून वापरावेत. ‘समान’ म्हणजे मोजून तेवढेच. ‘एकसमान’ म्हणजे सर्व भागांत एक प्रमाण असलेले, जसे एकसमान उगवण. ‘सम’ म्हणजे एका पातळीतले. समपातळी बांध हा सरळ रेषेत अथवा सारख्या अंतरावर असेलच असे नाही, त्याच्यावरील सर्व बिंदू एका उंचीवर असतात एवढेच. ‘सर्वदूर’ हा शब्द पाऊस कोठवर पसरला ते सांगतो, किती पडला ते सांगत नाही. ‘सरसकट’ म्हणजे भेद न करता. तो माणसाने घेतलेल्या निर्णयाचा शब्द आहे, निसर्ग सरसकट काही देत नाही.

सर्वांत फसवा शब्द म्हणजे ‘सरासरी’. समजा, चार गावांत अनुक्रमे १०, ०, ७० आणि ० मिलिमीटर पाऊस झाला. सरासरी २० मिलिमीटर येते. परंतु २० मिलिमीटर पाऊस त्या चारांपैकी एकाही गावात झालेला नाही.

हवामान पत्रकातील शब्द

भारतीय हवामान विभागाच्या पत्रकात मात्र शब्द मापून योजलेले असतात. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी तीन-चार भाग ढगांनी व्यापले तर ‘अंशतः ढगाळ’, पाच ते सात भाग व्यापले तर ‘सामान्यतः ढगाळ’ आणि आठही भाग व्यापले तर पूर्ण ढगाळ असे म्हणतात. हे वर्णन आकाशाचे आहे, पावसाचे नव्हे.

पाऊस कोठे पडेल यासाठी वेगळे शब्द आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक केंद्रांवर. किती पडेल यासाठी तिसरी मोजणी असते. चोवीस तासांत २.५ मिलिमीटर अथवा अधिक पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरतात. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास ‘मुसळधार’ म्हणतात. तेव्हा “आकाश सामान्यतः ढगाळ राहून तुरळक ठिकाणी हलका पाऊस” असे वाचले, तर चारांपैकी तीन ठिकाणे कोरडी राहू शकतात, असा त्याचा अर्थ घ्यावा.

शेतकऱ्यांनी काय करावे?

आपल्या शेताचे माप आपणच ठेवावे. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी, झाड अथवा घर यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता साचलेले पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी होय. हा आकडा मोठा वाटला, तरी तापलेल्या काळ्या जमिनीत तो वरच्या कातडीपुरताच राहतो.

मोजलेला पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय आणि खणून पाहता पुरेशी ओल खोलवर गेल्याची खात्री पटल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला आहे. वापसा आल्यावरच तिफण धरावी. शेजाऱ्याच्या शेतात पेरणी झाली हे आपल्या शेतातील ओलीचे प्रमाण नव्हे.

मळभ पाऊस देवो वा न देवो, पिकावर त्याचा परिणाम होतोच. तूर फुलोऱ्यात असताना ढगाळ हवा टिकली तर शेंगा पोखरणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव वाढण्याची भीती असते. अशा वेळी कामगंध सापळे लावून पिकाची पाहणी वाढवावी व सुरुवातीलाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. ज्वारीवर मावा आणि द्राक्षावर केवडा यांकडेही लक्ष ठेवावे. भुरभुर चालू असताना मात्र फवारणी करू नये, औषध धुऊन जाते.

दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारी कृषी हवामान सल्ला पत्रिका वाचावी. ज्यांच्याजवळ मोबाइल आहे त्यांनी ‘मेघदूत’ हे ॲप वापरावे. वाचताना तीन प्रश्न विचारावेत. हे वाक्य आकाशाविषयी आहे, ठिकाणांविषयी आहे, की मापाविषयी? या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी घेतली, तर मळभ आले म्हणून बियाणे मातीत घालण्याची घाई होणार नाही. आभाळ सर्वांचे एक असले, तरी ओल ज्याच्या त्याच्या वावरातच पाहावी लागते.