कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत

टर्मिनल म्हणजे केवळ अक्षरांच्या आधारे संगणकाशी व्यवहार करण्याची जागा. काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर आणि ओळीमागून ओळ सरकणारा मजकूर एवढेच त्याचे रूप. सी किंवा पायथन शिकू लागलेला विद्यार्थी पहिला प्रोग्रॅम लिहितो तो बहुधा टर्मिनलसाठीच: नाव विचारायचे आणि उत्तरादाखल नमस्कार छापायचा. काम सोपे दिसते. पण त्या प्रोग्रॅमला ना कीबोर्ड दिसतो, ना पडदा. त्याच्यापर्यंत पोहोचते ती बाइटची रांग, आणि त्याच्याकडून निघते तीही बाइटचीच रांग. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की टर्मिनलचे बहुतेक चमत्कारिक वागणे उलगडते.

टेलिप्रिंटरचा वारसा

टर्मिनलचा पूर्वज टेलिप्रिंटर. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत वृत्तसंस्थांच्या बातम्या ज्यावर खडखडत उतरत, त्याच जातीचे हे यंत्र. टेलिटाइप कंपनीचे मॉडेल ३३ हे १९६३ साली आले. ते सेकंदाला १० अक्षरे कागदावर छापत असे, तीही फक्त कॅपिटल. १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवायला घेतले, तेव्हा संगणकाशी बोलण्याचे साधन हेच होते. ‘टेलिटाइप’चे ‘टीटीवाय’ हे लघुरूप लिनक्समध्ये आजही टर्मिनलचे नाव म्हणून वावरते.

त्या यंत्रांसाठी ठरलेल्या आस्की संकेतावलीत १२८ संकेत आहेत. त्यांतले ३३ छापण्यासाठी नसून हुकूम देण्यासाठी आहेत. ७ म्हणजे घंटा वाजव, ८ म्हणजे एक घर मागे ये, १३ म्हणजे छपाईचा गाडा डावीकडे ने, १० म्हणजे कागद एक ओळ वर सरकव. गाडा मागे नेणे आणि कागद सरकवणे या दोन वेगळ्या हालचाली होत्या, म्हणून संकेतही दोन. युनिक्सने फायलीत ओळ संपल्याची खूण म्हणून फक्त १० ठेवला. पडद्याकडे जाताना त्याच्या आधी १३ची जोड ऑपरेटिंग सिस्टिम देते. ही सोय बंद पडली तर प्रत्येक ओळ आधीची जिथे संपली त्याच्या खालून सुरू होते आणि मजकूर जिन्यासारखा उतरत जातो.

कंट्रोल कळीचा अर्थही इथलाच. कंट्रोलसह अक्षर दाबले की त्या अक्षराचा वर्णमालेतला क्रमांक जातो: सी म्हणजे ३, डी म्हणजे ४. टॅबचा संकेत ९ आणि कंट्रोल-आयचाही ९, त्यामुळे जुन्या रीतीने चालणाऱ्या टर्मिनलवर या दोहोंतला फरक प्रोग्रॅमला कळूच शकत नाही.

मधला कारकून

कीबोर्ड आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा एक थर बसलेला असतो. आलेले टपाल आधी आपल्या टेबलावर घेणाऱ्या कारकुनासारखे त्याचे काम चालते. दाबलेले अक्षर पडद्यावर दिसते ते कळीमुळे नव्हे. हा थर ते अक्षर उलट पडद्याकडे पाठवतो म्हणून. पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम हा प्रतिध्वनीच बंद करायला सांगतो आणि टाइप केलेले काहीच दिसत नाही.

हा थर एंटर दाबेपर्यंत ओळ स्वतःजवळ धरून ठेवतो. तोवर बॅकस्पेसने केलेली दुरुस्ती तिथल्या तिथे होते, प्रोग्रॅमला तिचा पत्ताही लागत नाही. कंट्रोल-सी आले की ते अक्षर म्हणून पुढे न देता हा थर प्रोग्रॅमला थांबण्याचा इशारा देतो. कंट्रोल-डीचा अर्थ ‘हातात असेल ते आत्ताच पुढे दे’ असा आहे. हातात काहीच नसेल तर प्रोग्रॅमला शून्य बाइट मिळतात आणि मजकूर संपला असे तो समजतो.

नाव किंवा रक्कम विचारायला ही रीत उत्तम. संपादकाला किंवा खेळाला मात्र प्रत्येक कळ दाबताक्षणी हवी असते. टर्बो सी वापरून शिकलेल्यांना ‘गेटसीएच’ हे फंक्शन आठवत असेल; एक कळ दाबली की ते लगेच परतते. ते डॉसच्या जगातले. लिनक्समध्ये त्यासाठी टर्मिनलची मांडणी बदलावी लागते: ओळ धरून ठेवणे बंद, प्रतिध्वनी बंद, गरज असल्यास कंट्रोल-सीचा इशाराही बंद. हे बदल करण्याची पद्धत १९८८च्या पॉझिक्स मानकात ‘टर्मिऑस’ या नावाने ठरली. निदान किती बाइट येईपर्यंत थांबायचे आणि सेकंदाचे किती दशांश वाट पाहायची, हेही तिथे सांगता येते.

बदललेली मांडणी जाताना पूर्ववत करणे हे प्रोग्रॅमचे कर्तव्य आहे, मध्येच चूक होऊन तो बंद पडला तरीही. म्हणून जुनी मांडणी आधी जपून ठेवायची आणि बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर ती परत लावायची. हे राहिले तर नंतर टाइप केलेले दिसत नाही. अशा वेळी न दिसताही ‘रीसेट’ ही आज्ञा टाइप केली की टर्मिनल सहसा ठिकाणावर येते.

बाहेर जाणारा मजकूर

युनिक्सच्या पद्धतीत प्रोग्रॅमला सुरुवातीलाच तीन वाटा मिळतात: ० आत येण्याची, १ बाहेर जाण्याची आणि २ चुकांच्या सूचनांची. उत्तर फाइलीत वळवले तरी सूचना पडद्यावरच दिसावी, म्हणून तिसरी वाट वेगळी.

सीमध्ये बाहेर जाणारा मजकूर आधी साठवला जातो. पडद्याकडे तो सहसा ओळ पूर्ण होताच निघतो; फाइलीकडे मोठा गठ्ठा साठल्यावर. म्हणूनच ओळ न संपवता लिहिलेली सूचना कधी कधी दिसतच नाही आणि प्रोग्रॅम अडकल्यासारखा वाटतो. साठा लगेच पुढे ढकलण्याची आज्ञा दिली की प्रश्न सुटतो.

रंग आणि कर्सरची जागा यांचे हुकूमही याच रांगेतून जातात. डेक कंपनीच्या १९७८च्या व्हीटी१०० टर्मिनलवर ८० स्तंभ आणि २४ ओळी होत्या. २७ हा एस्केपचा संकेत आणि त्यामागे चौकटी कंस आला की पुढचा मजकूर छापायचा नाही, तो हुकूम समजायचा, ही रीत त्याने रुजवली. कंसापुढे ‘३१एम’ आले की अक्षरे लाल होतात, ‘२जे’ आले की पडदा पुसला जातो. बाणाची कळही अशीच तीन बाइट पाठवते आणि त्यांतला पहिला एस्केपच असतो. त्यामुळे नुसता एस्केप आला की तो एकटा आहे की बाणाची सुरुवात, हे ठरवायला प्रोग्रॅमला क्षणभर थांबावे लागते.

प्रत्येक कंपनीचे हुकूम वेगळे असल्याने बर्कलीत बिल जॉय यांनी ‘टर्मकॅप’ ही टर्मिनलांच्या गुणधर्मांची नोंदवही तयार केली. तिच्या आधारावर केन अर्नोल्ड यांचा ‘कर्सेस’ हा फंक्शनांचा संच उभा राहिला. पडद्यावर काय बदलले तेवढेच शोधून तो पाठवतो. आजची टर्मिनलची खिडकी हाही एक प्रोग्रॅमच आहे. तो जुन्या यंत्राचे सोंग घेतो आणि तेच हुकूम पाळतो.

देवनागरीचा प्रश्न

थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ या संकेतनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला ३ बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात वाचणाऱ्याला अक्षरे ३ दिसतात, पण संकेत ५ आणि बाइट १५ आहेत. ‘क्षि’ हे एकच अक्षर ४ संकेतांचे, १२ बाइटचे. बाइटची रांग कुठेही तुटू शकते, म्हणून अक्षर अर्धवट आले तर उरलेले बाइट येईपर्यंत ते बाजूला ठेवावे लागते.

टर्मिनलचा पडदा मात्र सारख्या रुंदीच्या चौकटींचा. काना-मात्रेला वेगळी चौकट द्यायची की नाही, जोडाक्षराला किती द्यायच्या, याबाबत सगळ्या टर्मिनलांचे एकमत नाही. प्रोग्रॅमचा हिशेब आणि टर्मिनलचा हिशेब जुळला नाही की कर्सर भलतीकडे जातो आणि तक्त्यांचे रकाने वाकडे होतात. मराठी मजकूर छापणाऱ्या प्रोग्रॅमने निदान बाइट किंवा संकेत मोजून रकाने आखू नयेत. अक्षराची पडद्यावरची रुंदी सांगणारी तयार साधने वापरावीत आणि निकाल प्रत्यक्ष टर्मिनलवर तपासून पाहावा.