इंजिन टिकते, रबर जाते

मर्सिडीजची ई-क्लास पुण्याला परकी नाही. 1995 पासून ती आधी पिंपरीत आणि 2009 पासून चाकणला जोडली जाते आहे. 2009 मध्येच आलेली डब्ल्यू212 ही पिढी आता जुन्या गाड्यांच्या बाजारात आहे आणि तिच्यातली ई 350 सीडीआय भल्याभल्यांना मोहात पाडते. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, पुढच्या आवृत्तीत 265 अश्वशक्ती आणि 620 न्यूटन-मीटर टॉर्क. घाटात चौघे बसलेले असोत, डिकी भरलेली असो, पायाखाली जोर उरलेलाच असतो. एके काळची ही बड्यांची गाडी आज नव्या मध्यम एसयूव्हीपेक्षाही कमी पैशांत दारात येते.

अडचण दारात आल्यानंतरची. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. साध्या हॅचबॅकमध्ये साडेतीन लिटर ऑइल मावते, इथे आठ लिटर लागते. तेही मर्सिडीजने मान्य केलेल्या 229.51 या दर्जाचे. तरीही ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड यांचा खर्च आधी मांडता येतो, त्याने कोणी खचत नाही. लोक खचतात ते अचानक आलेल्या बिलांनी. ती बिले जरा निरखून पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते: क्रँक, पिस्टन, गिअर असले धातूचे भाग त्यांत फारसे नसतात. असतात ती रबराची सीले, बुश, माउंट, होज आणि त्यांच्यापायी बिघडलेले शेजारचे भाग. रबर किलोमीटरने कमी आणि उष्णतेने, वयाने जास्त म्हातारे होते. म्हणूनच ‘फक्त तीस हजार चाललेली’ दहा वर्षांची गाडी पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

या इंजिनाचे सर्वांत गाजलेले दुखणे समजून घेतले की बाकीचे आपोआप कळते. ओएम642 हे त्याचे नाव. तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या कलत्या बसवलेल्या असतात. त्या व्हीच्या खोबणीत, थेट टर्बोच्या खाली, ऑइल कूलर असतो. इंजिनाच्या ब्लॉकमधून ऑइल त्यात येते, कुलंटला उष्णता देते आणि परत जाते. ही ये-जा होते त्या तोंडांवर रबरी सीले असतात. वरून टर्बोची धग, खालून इंजिनाची. वर्षानुवर्षे भाजून सील कडक होते, चपटे होते आणि ऑइल पाझरू लागते. सुरुवातीची सीले नारिंगी होती. पुढे अधिक उष्णता सोसणारी जांभळी आली.

पाझरलेले ऑइल दिसते मात्र भलतीकडे. ते खोबणीत साठते, मागच्या बाजूने ओघळते आणि इंजिन व गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून टपकते. नवखा मेकॅनिक खालून पाहतो आणि निदान करतो, क्रँकचे मागचे सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. हो म्हणण्याआधी टॉर्च आणि लवचिक कॅमेरा घेऊन वरून खोबणी पाहायला लावावी. तिथे ऑइलचे तळे असेल तर दोष कूलरच्या सीलांचा. सीले स्वस्त असतात. पैसे लागतात ते टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड उतरवून तिथवर पोचायला आणि सगळे परत चढवायला. म्हणूनच एकदा तिथे हात गेला की त्या वाटेवरचे प्रत्येक गॅस्केट आणि होज नवे घालावे. इथे वाचवलेले थोडे पैसे पुढे पूर्ण मजुरीसह परत द्यावे लागतात.

त्याच परिसरात दुसरा खेळ चालतो. इंजिनाच्या पोटातली ऑइलमिश्रित वाफ श्वासनळीतून टर्बोच्या तोंडाशी येते. तिथल्या जोडावरचे छोटे रबर सैल झाले की ऑइलचे थेंब खाली पडतात, आणि खाली नेमकी इनटेकमधली झडप हलवणारी इलेक्ट्रिक मोटर असते. ऑइल आत शिरून मोटर मेली की इंजिनाचा कॉम्प्युटर सावधपणा धरतो, ताकद छाटतो, आणि 265 घोड्यांची गाडी ट्रकच्या मागे रांगत घाट चढते. कॉम्प्युटरला फसवायला तिथे छोटा रेझिस्टर जोडून देणारे कारागीर आहेत. दिवा विझतो, गाडी पळते. पण झडप जागच्या जागी निकामीच राहते आणि ऑइलही गळतच राहते. मला तो जुगाड अजिबात पटत नाही. रबर बदलायचेच असते, ते मोटर मरण्याआधी बदलावे.

गाडीच्या मऊपणाचे श्रेयही रबराकडेच जाते. इंजिन ज्या माउंटवर बसते त्यांच्या पोटात द्रव असतो. तो कंपने गिळतो. माउंट फाटून द्रव निघून गेला की सिग्नलला, गिअर ‘डी’मध्ये आणि पाय ब्रेकवर असताना, सीट आणि स्टिअरिंग बारीक थरथरते, गिअर ‘एन’मध्ये टाकला की थरथर कमी होते. इंजिनाचे दोन आणि गिअरबॉक्सचा एक असे तिन्ही माउंट एकदम बदलावेत. एकच नवा घातला तर सगळा भार त्याच्यावर येतो. पुढच्या चाकांच्या आर्मचे बुशही याच जातीचे. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले की पहिला आळ डिस्कवर येतो, लोक नव्या डिस्क घालतात आणि थरथर तशीच राहते. आधी गाडी लिफ्टवर घेऊन बुशभोवती द्रवाचा ओघळ किंवा चिरा दिसतात का पाहावे. आर्म बदलले की व्हील अलाइनमेंट आलेच.

टायर तर उघडच रबर. या गाडीला 245/45 आर17 मापाचे टायर येतात. म्हणजे टायरची बाजू 245 मिलिमीटरच्या 45 टक्के, जेमतेम 11 सेंटिमीटर उंच. पावसाळ्यातल्या खड्ड्याची धारदार कड आणि अलॉय रिम यांच्यामध्ये तेवढीच उशी. हवा कमी असेल तर बाजूला फुगा येतो, आणि असा टायर दुरुस्त होत नाही. बाजूवर चार आकडी तारीख कोरलेली असते. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी सहा वर्षांपुढचा टायर एक्स्प्रेसवेच्या वेगाला मी लावणार नाही.

गिअरबॉक्सबद्दल एकच सांगतो. ‘याचे ऑइल आयुष्यभर चालते’ असे कोणी म्हणाले तर आयुष्य कोणाचे, हे विचारावे. सात गिअरच्या या ऑटोमॅटिकमध्ये साधारण 60,000 किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलणे शहाणपणाचे. ऑइल मोजायला पट्टी नसते. ते ठरावीक तापमानाला, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, खालच्या नळीतून जास्तीचे गळू देऊन पातळी ठरवतात. स्कॅनरवर तापमान न पाहता अंदाजाने ऑइल भरणाऱ्याकडे हे काम देऊ नये. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतले पाणी शोषते. कुलंटमध्ये बोअरवेलचे पाणी कधीही ओतू नये. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.

गॅरेज कोणते, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. त्याच्याकडे मर्सिडीजचा स्कॅनर हवा आणि भाग चासी नंबरवरून मागवण्याची सवय हवी. भागाच्या नंबरातले ‘ए’नंतरचे तीन आकडे तो भाग मुळात कशासाठी घडवला ते सांगतात: 212 म्हणजे या बॉडीसाठी, 642 म्हणजे या इंजिनासाठी. लेमफर्डर, बॉश, मान, साक्स या कंपन्या मोटार कंपन्यांनाच माल पुरवतात. त्यांच्या खोक्यावर तारा नसतो आणि किंमत बरीच उतरते. खोटा माल मात्र याच नावांनी खपतो, तेव्हा बिलाशिवाय काही घेऊ नये.

उभी गाडी जास्त बिघडते. मुख्य बॅटरी डिकीत असते, आणि गाडी बंद असली तरी तिच्यातले कॉम्प्युटर थोडे थोडे पीतच राहतात. महिनाभर परगावी जायचे असेल तर चार्जर लावून ठेवावा. रोज तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्याही वाईट. इंजिन तापतच नाही आणि काजळी साठते. आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास न्यावी. घाट जोरात चढून आल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावी, टर्बोतले ऑइल जळत नाही.

पाऊस सुरू होण्याआधी सनरूफच्या कोपऱ्यांतल्या आणि काचेखालच्या पाण्याच्या वाटा साफ कराव्यात. झाडाखाली लावलेल्या गाडीत त्या पानांनी तुंबतात आणि पाणी गालिच्याखालच्या वायरिंगकडे वळते. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतलेली नसेल तर हे नुकसान बहुधा आपल्याच खिशातून जाते.

विकत घेतानाही हेच डोळे वापरावेत. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने 2015 मध्ये बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयाने ती 2018 मध्ये कायम ठेवली, आणि तिकडच्या अनेक चकचकीत गाड्या स्वस्तात इतर राज्यांत गेल्या. अशी गाडी महाराष्ट्रात आणायची तर तिथले ना-हरकत पत्र लागते आणि इथला रस्ता कर पुन्हा भरावा लागतो. तो धरून भाव करावा. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांची फेरनोंदणी येते. गाडी तेरा-चौदा वर्षांची असेल तर रबराचा मोठा खर्च करण्याआधी ती तारीख आरसी बुकात पाहून घ्यावी.