तांदळासोबत साबण आणि झाकणाचा कॅनही पाठवा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, तेव्हा मुंबईतून मदतीचे टेम्पो निघाले. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या कित्येक घरांचं गाव कोकणातच. अशा वेळी जमाती, मंडळं तांदूळ, डाळ, बिस्किटं, दूध पावडर गोळा करतात. चांगलंच काम आहे. पण पुरानंतर मूल खंगतं ते फक्त उपाशी राहून नाही.

घाण पाण्याने जुलाब लागतात. भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन उतरतं. अशक्त मुलाला पुन्हा लवकर जुलाब होतात. म्हणजे पोटात गेलेलं रेशन तसंच वाहून जातं!

चाळीत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. १६० चौरस फुटांची खोली, संडास सगळ्या मजल्याचा. एका पोराचं पोट बिघडलं की शेजारच्या आयांचा जीव खालीवर. शाळेत उघडलेल्या मदत छावणीत तर गर्दी त्याहून जास्त. आंतरराष्ट्रीय मदतकार्याचा 'स्फिअर' निकष माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक संडास सांगतो.

१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. तेच आजचं ओआरएस. पाकीट मिळालं नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

आपल्याकडे अजून एक खोड आहे, जुलाब लागले की जेवण बंद. उलट खिचडी, केळं, दही थोडं थोडं देत राहावं. डॉक्टरांना विचारून झिंकही द्यावं. अंगावरचं दूध तर अजिबात तोडू नये. छावणीत पावडरचं दूध कालवायला पाणी कुठलं, बाटली उकळणार कशात? म्हणून दूध पावडर सरसकट वाटू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पैशांत साबण, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस आणि तोटीचा, झाकणाचा कॅन येतो.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पाणीही पिईना किंवा शौचातून रक्त आलं, तर घरी थांबू नका. दवाखान्यात न्या, वाटेत ओआरएस पाजत.