लाटेवर स्वार झालेला डबा

आगगाडीने कर्जतहून लोणावळ्याला गेला असाल, तर कर्जतला गाडीच्या मागे लागणारी जादा इंजिने तुम्ही पाहिली असतील. बोरघाटाचा चढ सदतीसास एक आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी १ मीटर वर चढते. पावसाने रूळ ओले झाले की इंजिनाचे चाक घसरू लागते आणि मग रुळांवर वाळू सोडावी लागते. आता सांगा, अशा चाकाचे फेरे मोजून गाडी नेमकी कुठे आहे हे कळेल का? चाक घसरले की हिशेब चुकलाच!

याच घाटमाथ्यावर, मावळात, चाकांच्या जोरावर न चालणारी गाडी येणार होती. पुणे-मुंबई ‘हायपरलूप’साठी गहुंजे ते ओझर्डे असा ११.८ किलोमीटरचा चाचणीचा टप्पा आखला गेला आणि २०१९ साली राज्य सरकारने प्रकल्पाला मान्यता दिली. बरीचशी हवा काढून घेतलेल्या नळीतून डबा चुंबकांच्या बळावर अधांतरी धावायचा. मग त्याला ढकलायचे कोणी, आणि ठरल्या जागी थांबवायचे कोणी?

हे काम रेखीय मोटरीचे. नेहमीच्या मोटरीत स्थिर भागावरच्या वेटोळ्यांतून पाळीपाळीने प्रवाह जातो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र गोल फिरते आणि आतला भाग त्याच्यामागे फिरतो. ही मोटर एका बाजूने कापून चटईसारखी उलगडली अशी कल्पना करा. क्षेत्र आता लाटेसारखे सरळ पुढे धावेल! डब्याला चुंबक बसवले की डबा त्या लाटेबरोबर निघाला.

समजा, लाटेची लांबी ५० सेंटिमीटर आहे. सेकंदाला १०० लाटा सोडल्या तर वेग होईल ताशी १८० किलोमीटर. पण खरी गंमत पुढेच आहे. वेटोळ्यांतले प्रवाह न बदलता तसेच ठेवले, तर लाट जागच्या जागी उभी राहते आणि डब्याला तिथेच धरून ठेवते. लाट तिच्या लांबीच्या पन्नासाव्या भागाइतकी सरकवली, की डबाही १ सेंटिमीटर सरकू पाहतो.

‘सरकू पाहतो’ असे मुद्दामच म्हटले. डबा आणि लाट यांच्यामध्ये जणू एक अदृश्य स्प्रिंग असते. लाट थांबली तरी जड डबा पुढे जातो, मागे खेचला जातो, पुन्हा पुढे जातो. झोपाळाच म्हणा ना! म्हणून डब्याची जागा क्षणोक्षणी मोजून, तो असायला हवा तिथून किती दूर आहे आणि त्या जागेकडे किती वेगाने येतो आहे, या दोन्ही गोष्टी पाहून प्रवाह कमीजास्त करावा लागतो. नुसते अंतर पाहिले तर झोके थांबायचे नाहीत. वेगही पाहिला, तर जागा येण्याआधीच डब्याला आवर घालता येतो.

८ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेत नेव्हाडाच्या वाळवंटात, ५०० मीटरच्या नळीत माणसे बसवून हायपरलूपची चाचणी झाली. वेग ताशी १७२ किलोमीटरपर्यंत गेला. इतक्या तोकड्या नळीत वेग घ्यायचा आणि थांबायचेही! त्या दिवशी डब्यात बसलेल्यांपैकी एक होते पुण्याचे अभियंता तनय मांजरेकर.

चाचणी घेणारी कंपनी २०२३ च्या अखेरीस बंद पडली. गहुंजे-ओझर्डे मार्ग झालाच नाही. लाटेवर चालणारी गाडी पाहायची तर शांघायला जावे लागेल. तिथे सुमारे ३० किलोमीटरच्या मार्गावर ती प्रवासी नेते, आणि तिच्या मोटरीची वेटोळी गाडीत नसून सबंध मार्गभर पसरलेली आहेत.